उलटे फेरे

"खाली बघू नकोस गं नसीम, समोर बघ!" पुष्पलता पलीकडच्या काठावरून ओरडली.

"समोर तुझं तोंड आहे. त्यापेक्षा खालचं पाणी बरं," नसीम म्हणाली, आणि दोन्ही काठांवरच्या मुली हसल्या.

नसीम तेव्हा माकडपुलाच्या मधोमध होती. पायाखाली एक जाड दोर, दोन हातांत धरायला दोन बारीक दोर, आणि खाली ओढा. डिसेंबरात ओढ्याला पाणी घोट्याएवढंच होतं, बाकी सगळे दगड. तिच्याआधी चौघीजणी पार झाल्या होत्या. तिनं पुढचं पाऊल टाकलं आणि पायाखालचा दोर एकदम झोळीसारखा खाली गेला. तुटला नाही. तुटल्याचा आवाज वेगळा असतो. तो नुसता सरकला, सरकत राहिला. नसीम हातातल्या दोरांना क्षणभर लोंबकळली, मग तिचा एक हात सुटला, आणि ती उजव्या हातावर दगडांत पडली.

सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. मी मात्र आधी बघितलं ते अलीकडच्या काठावरच्या जांभळाच्या बुंध्याकडे. पायाचा दोर तिथं बांधला होता. बांधला होता मी.

सासणे बाई चपलांसकट पाण्यात उतरल्या. नसीमच्याच गळ्यातला स्कार्फ सोडून त्यांनी तिचा हात झोळीत अडकवला. शाळेचे शिपाई पवार मामा रस्त्यावर धावले आणि त्यांनी डेअरीचा टेम्पो थांबवला. दुधाच्या रिकाम्या कॅनांच्या मधे नसीम आणि बाई बसल्या. टेम्पो हलला तेव्हा बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रागानं.

सासणे बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या आणि शाळेचं गाइड पथक चालवायच्या. म्हणजे 'मी चालवत नाही, तुम्ही चालवता' असं त्या म्हणायच्या. पथकात तीन संघ होते. मोगऱ्याची नायिका मंदाकिनी, कमळाची पुष्पलता, जास्वंदीची मी. आम्हा तिघींची मिळून मानसभा. शिबिर कुठं घ्यायचं, जेवायला काय करायचं, कुणी चुकलं तर काय करायचं, सगळं मानसभेत ठरे. सभा सुरू झाली की बाई गळ्यातली शिट्टी काढून तंबूच्या खांबाला अडकवायच्या आणि सतरंजीच्या कडेला जाऊन बसायच्या. आमच्यापैकी कुणी ती शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली, तरच त्या बोलणार. हा नियम त्यांनीच घातलेला. एका शिबिरात आम्ही खिचडीला दुप्पट मीठ ठरवलं, तेव्हाही त्या गप्प राहिल्या आणि ती खिचडी आमच्या पंक्तीला बसून खाल्ली.

पुलाचाही एक नियम होता. जिची गाठ, तिचं पाऊल पहिलं. दोर बांधणारीनं आधी स्वतः त्यावर चढायचं, मग बाकीच्यांनी. आदल्या संध्याकाळी मी चढले होते. दोनदा गेले, दोनदा आले, मधोमध उभी राहून उड्या मारल्या. गाठ हलली नव्हती.

हेडसरांना हे सगळं पसंत नव्हतं. "पोरींच्या हातात कारभार देताय बाई, उद्या काही झालं म्हणजे निस्तरायचं कुणी?" असं ते स्टाफरूमच्या दारात सगळ्यांदेखत म्हणाले होते. बाईंची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. येत्या जूनमध्ये व्हायची होती, आणि ते हेडसरांच्या शब्दावर होतं. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टेम्पो दिसेनासा झाल्यावर मंदा माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"कुंदे, पायाच्या दोराची गाठ तुझी ना?"

"माझी."

"मग?"

मी पुन्हा बुंध्याकडे बघितलं.

"डावऱ्या हाताचं काम," ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली. "आमची आजी म्हणते, डावरीनं लावलेलं दार वाऱ्यानं उघडतं."

"आजीला घरी ठेव," पुष्पलता म्हणाली. "बोलायचं ते मानसभेत बोल. आता चुली पेटवा."

मी कांदे चिरायला बसले. डोळ्यांतून पाणी यायला कारण मिळालं. नसीमच्या वडिलांचं बाजारात धार लावायचं दुकान होतं. विळ्या, कात्र्या, कोयते. शाळा सुटली की नसीम तिथं चाक फिरवायची, उजव्या हातानं. ते चाक मला सारखं दिसत होतं आणि ते थांबलेलं होतं. मी गाठीचा एकेक टप्पा आठवत होते. बुंध्याला तीन फेरे, वर दोन अर्ध्या गाठी, शेवटी पाय लावून ओढणं. पाय लावला होता का? लावला होता. की नेहमी लावते म्हणून तसं वाटत होतं?

कांदे तसेच ठेवून मी जांभळाकडे गेले.

दोर बुंध्याभोवती अजून लोंबत होता. वरच्या दोन गाठी उघडल्या होत्या, पण फेरे राहिले होते. मी बघत उभी राहिले. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं, आरशात आपलंच दप्तर बघितल्यावर खटकतं तसं. मग मी दोराचं टोक हातात घेतलं आणि हवेतच गाठ मारल्यासारखं केलं. माझा हात झाडाच्या एका बाजूनं गेला. फेरे दुसऱ्या बाजूनं गेले होते.

मी डावरी. माझे फेरे नेहमी उलटे पडतात. हे फेरे सुलटे होते.

ही गाठ माझी नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि एक श्वासभर झालाही. मग मी दोराचं टोक नीट बघितलं. टोक मुडपून आत खोचल्याची घडी त्यावर अजून होती. गाठ झाली की शेपूट आत खोचायची सवय पथकात एकाच व्यक्तीला होती. आम्ही त्यावरून हसायचो. 'गाठीला पदर खोचला' म्हणायचो.

मी टोक सोडून दिलं आणि परत येऊन कांदे चिरायला लागले.

बाई दुपारी परतल्या. गावापर्यंत एसटीनं आणि पुढं चालत. पातळाचा काठ चिखलानं कडक झाला होता. "मनगटाचं हाड मोडलंय," त्या म्हणाल्या. "प्लास्टर घातलं. वडील तिला घरी घेऊन गेले. हेडसर उद्या सकाळी इथं येतायत." मग त्या हातपाय धुवायला ओढ्यावर गेल्या आणि फार वेळ आल्या नाहीत.

उन्हं कलायला लागली तेव्हा पुष्पलतानं मानसभा बोलावली. बाईंनी शिट्टी खांबाला अडकवली आणि सतरंजीच्या कडेला बसल्या. रोज त्या मांडी घालून ताठ बसत. आज गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या.

"विषय एकच," पुष्पलता म्हणाली. "दोर का सुटला. आणि उद्या सर विचारतील तेव्हा काय सांगायचं."

"दोर का सुटला ते सगळ्यांना दिसलं की," मंदा म्हणाली. "गाठ कुंदाची. माझं काही तिच्याशी वैर नाही. पण माझ्या संघातल्या पोरीनं असं केलं असतं, तर मी तिचा स्कार्फ काढून घेतला असता."

"कुंदा, तुला काय म्हणायचंय?"

मी बाईंकडे बघितलं. त्या खाली सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघत होत्या. मी थांबले. मला वाटलं, आता त्या मान वर करतील. शिट्टीकडे नुसतं बोट दाखवतील. तेवढं पुरलं असतं.

"कुंदा?"

"मी गाठ नीट बांधली होती," मी म्हणाले.

"मग काय भुतानं सोडली?" मंदा म्हणाली.

मी उठले. खांबापर्यंत चार पावलं असतील. शिट्टीची दोरी खिळ्यातून निघेना. ती काढली, बाईंच्या समोर गेले आणि त्यांच्या हातात दिली. देताना त्यांच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. आपणच काहीतरी गुन्हा करतोय असं वाटलं.

बाईंनी शिट्टी मुठीत धरली. मुली पाणी भरत होत्या, त्यांच्या कळशांचा आवाज येत होता.

"गाठ मी बदलली," त्या म्हणाल्या.

मंदाच्या तोंडून "आँ?" एवढंच निघालं.

"पहाटे उठले होते. पूल बघायला गेले. जांभळावरचे फेरे मला उलटे दिसले. वाटलं, पोरीनं घाईत चुकीचं बांधलंय. कुंदा डावरी आहे हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण त्या वेळी ते डोक्यात आलंच नाही. नुसतं दिसलं की उलटं आहे. म्हटलं, उठवून विचारण्यापेक्षा आपणच नीट करून टाकावं. पोरीचं मनही मोडणार नाही. सोडली, आणि परत बांधली."

"पहाटे दोर दवानं भिजलेला असणार," पुष्पलता हळूच म्हणाली.

"हो."

पुढचं तिनं म्हटलं नाही, पण आम्हा तिघींनाही ते पाठ होतं. आम्हाला ते शिकवलं होतं बाईंनीच. तागाचा दोर भिजला की आखडतो, सुकला की लांबतो. ओला दोर कधी बांधू नये, उन्हात गाठ सैल होते. मी पुढं दोर आणि धाग्यांची ताकद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि हे वाक्य कितीतरी लोकांना सांगितलं. दर वेळी बाईंच्याच आवाजात.

"आणि तुम्ही त्यावर चढला नाहीत," मी म्हणाले. मला बोलायचं नव्हतं, ते आपोआप बाहेर पडलं. "जिची गाठ, तिचं पाऊल पहिलं."

"चढले असते तर दोर करकरून तुम्हाला जाग आली असती, आणि कळलं असतं, की मी बदललीय."

"मग आम्ही विचारायच्या आधी का नाही सांगितलंत?" पुष्पलतानं विचारलं. ती सभेत कुणालाही जसं विचारायची तसंच.

"शिट्टी खांबाला होती. कुणीतरी विचारायची वाट बघत होते," बाई म्हणाल्या. "नाही, खोटं आहे ते. कुणी विचारू नये याची वाट बघत होते."

त्या उठल्या, शिट्टी परत खिळ्याला अडकवली आणि आपल्या जागी बसल्या. "आता तुम्ही ठरवा. मला मत नाही."

मंदा रडायला लागली होती. सकाळी सगळ्यांत जास्त तीच बोलली होती आणि आता सगळ्यांत आधी तीच रडत होती. "हे बाहेर सांगायचं नाही," ती नाक पुसत म्हणाली. "दोर जुना होता म्हणायचं. झिजला होता, निसटला. कोण बघायला येणारे? सरांना कळलं तर बाईंना जूनमध्ये ठेवणार नाहीत. आणि ही मानसभा-बिनसभा सगळं गेलं म्हणून समज."

"खोटं सांगायचं? मानसभेनं?" पुष्पलता म्हणाली.

"बाईंसाठी! तुला बाई नकोत?"

"मला बाई हव्यात. म्हणूनच मला खोटं सांगता येणार नाही. कुंदा, एकीकडे एक, दुसरीकडे एक. तुझं मत."

मला बाई हव्या होत्या. माझी गाठ उलटी नाही, ती माझी आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं. घरी पान वाढताना, लिहिताना, फुलं वाहताना माझा हात कुणीतरी धरायचं आणि बदलायचं. त्यांनी कधी धरला नव्हता. त्या पहाटेपर्यंत.

'दोर जुना होता' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी मंदाच्या बाजूनं हात वर करणारच होते. पण टेम्पोत बसलेली नसीम आठवली. मी पुन्हा उठले, शिट्टी काढली आणि बाईंच्या हातात दिली.

"नसीम वाटेत काय म्हणत होती?"

बाईंनी डोळे मिटले. "सारखं एकच. 'मी जाड आहे म्हणून झालं. चौघी गेल्या तेव्हा काही झालं नाही. माझ्यामुळं सगळ्यांचा पूल मोडला.' वडिलांनाही तेच सांगत होती."

"तुम्ही तिला काय म्हणालात?"

"'असं नसतं बाळा' म्हणाले." त्यांनी शिट्टी सतरंजीवर ठेवली. "एवढंच म्हणाले."

दोर जुना होता असं म्हटलं असतं, तर नसीमला जन्मभर वाटत राहिलं असतं की जुना दोरही बाकीच्यांना पेलला, फक्त मला नाही. मी पुष्पलताच्या बाजूनं हात वर केला. डावाच. तो वर नेताना दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा जड लागला.

सभा संपल्यावर बाई जांभळाखाली आल्या. मी पूल सोडवत होते.

"दाखवतेस, तू कशी बांधतेस?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी डाव्या हातानं करून बघितलं. दर फेऱ्याला त्यांचा हात आपोआप उजवीकडे वळत होता.

"हात ऐकत नाही," त्या म्हणाल्या. मी हसले नाही. त्याही नाहीत.

सकाळी हेडसर आले. सगळं पथक रांगेत उभं होतं.

"गाठ कुणाची होती?"

"सर, मानसभेत ठरलंय की कुंदा सांगेल," पुष्पलता म्हणाली.

"मानसभा," हेडसर म्हणाले. तोंडात खडा आल्यासारखं.

"गाठ माझी होती, सर. ती सुटली नाही. पहाटे बाईंनी ती सोडून ओल्या दोरानं परत बांधली. ती सुटली."

सर बाईंकडे वळले. "बरोबर आहे," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा, वर्गात कुणाचं उत्तर बरोबर आल्यावर म्हणायच्या तसा. सरांनी ओढा बघितला नाही, बुंधा बघितला नाही, दोर बघितला नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी आणि बाई नसीमच्या घरी गेलो. बाईंनी सगळं तिच्या आईवडिलांदेखत सांगितलं. वडील आत गेले आणि कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत. नसीम प्लास्टरवरचा चुना नखानं खरवडत होती.

"म्हंजे मी जाड म्हणून न्हाई?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"कुंदाची गाठ असती, तर मी पोचले असते?"

"पोचली असतीस. तुझ्या खांद्यावर मंदा असती तरी."

"मंदा नको," नसीम म्हणाली. "ती वर बसूनसुद्धा बोलत राहील." मग ती हसली, आणि मंदा पुन्हा रडायला लागली.

वर्ष संपेपर्यंत बाई वर्गावर येत राहिल्या. पथक मात्र जानेवारीपासून पीटीच्या सरांकडे गेलं. शिट्टी त्यांच्या गळ्यात असायची, आणि ती खांबाला कधी लागली नाही. मेमध्ये कळलं की बाईंना जूनचं पत्र आलेलं नाही. त्या मिरजेला बहिणीकडे निघाल्या होत्या. पुष्पलतानं मला सांगितलं तेव्हा गाडी सुटायला थोडाच वेळ होता. मी सायकल घेतली आणि स्टँडवर गेले.

बाई फलाटाच्या कडेला उभ्या होत्या. शेजारी एक ट्रंक आणि एक वळकटी.

"अगं, एवढ्या उन्हात?"

"आले," मी म्हणाले. माफ करा म्हणायला आले होते. सायकलवर सगळा रस्ता तेच घोळवत होते, पण कशाबद्दल माफ करा, ते काही ठरत नव्हतं. हात वर केल्याबद्दल म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. आणि तो हात वर केला नसता, तर बाई इथं उभ्या नसत्या, हेही खरं होतं.

काहीतरी बघायचं म्हणून मी वळकटीकडे बघितलं. ती तागाच्या दोरानं बांधलेली होती. फेरे उलटे होते.

मी वाकून नीट बघितलं. तीनही फेरे डावीकडून गेलेले, माझ्यासारखे. टोक आत खोचलेलं, बाईंसारखं. आणि गाठ सैल होती. मधल्या फेऱ्यात माझं बोट सहज जात होतं.

"बाई, ही सैल आहे."

"माहीत आहे. अजून जमत नाही."

"मी बांधून देऊ?"

डिसेंबरनंतर पहिल्यांदा बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"विचारलंस," त्या म्हणाल्या. "नको. माझी गाठ आहे. सुटली तर सुटली."

हमालानं ट्रंक टपावर चढवली, मग वळकटी वर फेकली. मी हात मागं घेऊन उभी होते, एक हात दुसऱ्यात घट्ट धरून. कंडक्टरनं घंटी मारली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, डावा, आणि मी गाइडच्या पद्धतीनं माझा डावा हात त्यात दिला. मग गाडी निघाली. मला म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

स्टँडच्या फाटकात खड्डा होता. गाडी त्यात आदळली तशी टपावरची वळकटी उडाली आणि परत बसली. रस्ता वळेपर्यंत ती मला दिसत होती. ती गाठ मिरजेपर्यंत टिकली का, हे मला कधीच कळलं नाही.